हरिकथेतला अपव्यय

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीचे कारखाने तीन देशांत, आणि अपव्यय मात्र सापडला तो फक्त चेन्नईच्या अंबत्तूरला. पोलंडात म्हणे तो औषधालाही उरला नव्हता! तो निपटायला नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून सुनेत्रा मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या, हातात टॅब. आठवड्याभरात त्यांनी पान्यांना, झाडूंना, चहाच्या थर्मासलासुद्धा जमिनीवर पिवळे चौकोन आखून दिले. मग गाडी आयुधपूजेवर, म्हणजे आपल्या खंडेनवमीवर आली.

आयुधपूजेला राघोत्तम कारखान्यात हरिकथा करीत. तंजावरच्या मराठी घराण्यातले ते, तपासणी विभागाचे सुपरवायझर; साक्या मराठीत, गोष्ट तमिळमध्ये. अठ्ठावीस वर्षं चाललेलं. डिसेंबरात निवृत्ती, म्हणजे ही शेवटची.

"काका, दोन तास फार होतात," मॅडम म्हणाल्या. "नमन म्हणजे नुसती तयारी. पूर्वरंगात गोष्ट पुढे सरकतच नाही, तो गाळू. आख्यान ठेवा. अकरा मिनिटं."

"आणि साकी तीनदा घोळवतो ती?"

"एकदाच. पहिल्याच वेळी अचूक, हेच तर आपलं धोरण. तिन्ही देशांत एकच तक्ता जाणार आहे."

"अकरा मिनिटांत देवी महिषासुराला मारील हो अम्मा, पण त्याला आधी माजू तर द्या!"

"माजलेलाच घ्या."

राघोत्तमनी मान डोलावली. घरी जाऊन पूर्वरंगाची वही कपाटात ठेवली, आणि कपाटापुढे उगाच उभे राहिले.

पूजेच्या दिवशी यंत्रांना चंदन-कुंकू लागलं. पाने, करवती, गेज देवीपुढे मांडले. लेथवरची जननी, राघोत्तमांच्याच नात्यातली, मॅडमना म्हणाली, "आणि तुमचं आयुध?"

मॅडमनी हौसेनं टॅब ठेवला. मुख्यालयासाठी फोटो काढून फोनही ठेवला. जननीनं दोन्हींना गंध लावलं, आरती झाली. राघोत्तम चिपळ्या घेऊन उभे राहिले, तशा मॅडम टॅबकडे झुकल्या.

"अय्यो मॅडम! पूजेतलं आयुध उद्या विजयादशमीला उचलायचं. आज त्यानं काम करायचं नाही," जननीनं अडवलं.

"अगं, पण मला वेळ मोजायचीय!"

"तेच की तुमचं काम."

सगळा कारखाना हसला. मॅडम सतरंजीवर बसल्या. तिथे त्यांच्यासाठी चौकोन कुणी आखला नव्हता.

नमन झालं. पूर्वरंग वहीवाचून झाला, सगळाच्या सगळा. महिषासुर मनसोक्त माजला. टाळ्यांत एक टाळी पुण्याचीही पडू लागली. देवीनं त्रिशूळ उचलला तेव्हा राघोत्तमनी साकी तीनदा घोळवली. त्यातल्या दोन खेपा निव्वळ अपव्यय होत्या, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ती चौथ्यांदा घेतली.