हिरवा बोळा

मित्रांनो, मी मुठीत मावणारं एक जुनं इंजिन आहे. रिमोटवर चालणाऱ्या, शर्यतीच्या छोट्या लाल बोटीत माझं घर आहे. जन्मभर पाण्यात राहायचं आणि गंजायचं नाही, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. तेही मला धड जमलं नाही, म्हणून आज मान खाली घालून बोलतो आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका चष्मेवाल्यांच्या घरी आलो. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवणारे हे गृहस्थ सुट्टीच्या सकाळी बोट काखेत मारून तळ्यावर जात. सोबत त्यांची मुलगी असे. ती घरात क्षणभर एका जागी बसत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझ्यापुढे मात्र ती मांडी घालून बसे.

बाबा माझ्या इंधनाची सुई फिरवून आवाज ऐकत. "याला उपाशी पळवायचं नाही, नाहीतर तापून बसतं," असं ते तिला सांगत. खेळ संपला की माझी काळजी भिंगरीकडे. माझं इंधन मोठं हावरट आहे. थोडं जरी आत उरलं तरी ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि माझी बेअरिंगं गंजतात. म्हणून ती टाकी रिकामी होईपर्यंत मला चालवी, मग तेलाचे थेंब सोडून चाक हाताने फिरवी. शेवटी धुराच्या नळीत हिरव्या कापडाचा बोळा कोंबी. बोळा लागला की मी निर्धास्त झोपे.

एका वर्षी हंगाम संपल्यावरही तिने सगळं नीट करून मला फळीवर ठेवलं होतं. मग एका संध्याकाळी बाबांचे शाळेतले मित्र घरी आले. गप्पांना रंग चढला. बाबांना राहवेना. त्यांनी बोळा उपसला, बोट कपडे भिजवायच्या टबात ठेवली आणि मला सुरू केलं. "वा! काय आवाज आहे!" मित्र म्हणाले, आणि मी फुगलो. तेवढ्यात आतून "जेवण वाढलंय" अशी हाक आली. बाबांनी मला बंद केलं आणि तसंच फळीवर ठेवलं. तेल नाही, बोळा नाही. भिंगरी तेव्हा शिकवणीला गेली होती.

मी फळीवर गंजत राहिलो. पुढे शर्यतीच्या दिवशी करकरत निघालो आणि ऐन तळ्याच्या मध्यावर आचके देऊन बंद पडलो. मागच्या बोटी पुढे निघून गेल्या. दोरीने ओढून मला काठावर आणलं, तेव्हा बाबा लालबुंद झाले होते.

"तेल घातलं होतंस का? खरं सांग."

"घातलं होतं, बाबा. बोळासुद्धा लावला होता."

"मग सकाळी फळीवरून काढलं तेव्हा कुठे होता तो बोळा? उडून गेला? खोटारडी कुठली!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. भिंगरीने रिमोट त्यांच्या हातात दिला आणि ती एकटीच घराकडे चालू लागली. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि तोंडातून ब्र काढता येत नव्हता. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यानंतर तिने मला हात लावला नाही.

बाबांनी मला टेबलावर उघडलं. नवी बेअरिंगं बसवताना ते तिच्या नावाने पुटपुटत होते. मग एके दिवशी त्याच मित्रांकडे जेवायला जायचं ठरलं. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला. "ते मित्र आपल्याकडे आले तेव्हा तासभरच घातला होता, म्हणून धुतला नाही हं," आई म्हणाली. बाबांचा हात सहज खिशात गेला आणि हिरवा बोळा घेऊन बाहेर आला.

त्यांनी तो नाकाशी नेला. वास माझ्याच तेलाचा होता. त्यांची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली, हेही मी पाहिलं. बोळा तिथे टाकला असता तर कुणालाच कळलं नसतं. पण तो हातातच ठेवून त्यांनी हाक मारली, "भिंगरे, जरा इकडे ये गं."

ती दारातच थांबली. बोळा पाहून तिचे डोळे भरले. "माझंच चुकलं," बाबा म्हणाले.

"मला एवढ्या लोकांसमोर खोटारडी म्हणालात. आणि चूक कबूल करताय मात्र घरात?"

पुढच्या सुट्टीला बाबा तळ्यावर सगळ्यांसमोर उभे राहिले. "त्या दिवशी हिने तेल घातलं होतं. चूक माझी होती," ते म्हणाले. मग लगबगीने खाली बसून त्यांनी मला सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. मी ढिम्म.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "आधी बोळा काढा."

सगळे हसले, बाबाही हसले. त्यांनी बोळा काढला आणि तिच्या हातात दिला. "हा यापुढे तुझ्याकडेच असू दे," ते म्हणाले.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेल द्या. आणि ते बंद पडलंच, तर दुसऱ्यावर ओरडण्याआधी स्वतःचे खिसे चाचपून पाहा. माझा आवाज आता जरा घोगरा झाला आहे. पण त्या दिवशी सुरू झालो तेव्हा भिंगरीने रिमोट स्वतःहून मागून घेतला.