बिटाच्या डागासकट

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी चित्रकला मनावर घेतली. पहिलंच चित्र किटलीचं, कॅनव्हास बोर्डावर. फ्रेमवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं. किटली उजव्या कडेला अंग चोरून बसलेली, आणि डावीकडे वीतभर नुसता पांढरा पट्टा. त्यावर बिटाचा एक डाग.

"सुटा कॅनव्हास असता तर मागे दुमडला असता. हा पुठ्ठा, कापावाच लागेल," तो म्हणाला. "नाहीतर वरून माउंट लावून पट्टा झाकतो. किटली मधोमध येईल."

"एवढी जागा सोडली कशाला?" मी ह्यांना विचारलं.

"तिथे तुझं भाजीचं ताट होतं."

हे जेवणाच्या टेबलावर बोर्ड आडवा ठेवून रंगवतात आणि मी शेजारी बसून भाजी चिरते. ताट बोर्डावर सरकलं, तर माणसाने "जरा उचल" म्हणावं की नाही? हे तोंडातून ब्र न काढता उरलेल्या जागेत किटली कोंबून मोकळे झाले.

"कापू नका, झाकूही नका," हे फ्रेमवाल्याला म्हणाले. "आहे तसं बसवा."

फ्रेमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी ताट घेऊन ओट्यापाशी गेले. हे नवा बोर्ड मांडून, ब्रश हातात धरून नुसतेच बसले होते.

"आता काय झालं?"

"कुठे थांबायचं तेच कळेना."

मी ताट आणून बोर्डाच्या डाव्या कडेवर ठेवलं. आज गाजरं होती.