मिठाच्या धड्याची कॅसेट

मित्रांनो, मी धारवाडच्या मळमड्डीतल्या एका घरातला जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्यात गाणी फारशी वाजली नाहीत. माझ्यात शाळा वाजल्या.

श्यामलाबाई शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात प्राध्यापक होत्या. शाळेत विज्ञान कसं शिकवतात, यावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. १९९४ साली त्यांनी मला घेतलं. अळणावरकडच्या शाळांत त्या मागच्या बाकावर बसत आणि मी मास्तरांचा तास टिपून घेई. प्रश्न विचारल्यावर मास्तर किती वेळ थांबतात, हे त्यांना पाहायचं होतं. बरेच जण थांबतच नसत. स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत. नंतर बाई त्यांना तोच तास ऐकवीत. आनंदा मास्तर ऐकून म्हणाले, "अक्का, ह्यात पोरं कुठं आहेत? सगळा मीच की." पुढच्या वर्षी त्यांच्या तासाला पोरं बोलू लागली.

बाईंचे यजमान मुकुंदराव आम्हाला स्कूटरवरून नेत. एकदा बाईंनी स्वतः मिठाचा धडा घेतला आणि माझी बटणं त्यांच्यावर सोपवली. वर्ग गप्प झाला की मुकुंदराव मला थांबवीत, कुणी बोललं की चालू करीत. कॅसेट वाया जाऊ नये, एवढाच हेतू. घरी ऐकताना बाई हसल्या.

"अहो, मला ते गप्प बसणंच हवं होतं. असू दे, पुन्हा घेऊ कधीतरी."

ते राहूनच गेलं. आधी कामं, मग आजारपण. २००६ साली बाई गेल्या.

बाकीच्या कॅसेटींत मास्तर बोलतात. बाईंचा आवाज या एकीतच आहे. मुकुंदराव संध्याकाळी ती लावतात. बाई विचारतात, "मीठ दिसेनासं झालं. मग ते गेलं कुठं?" लगेच खट्ट आवाज होतो आणि एक मुलगी म्हणते, "पाण्यातच आहे की बाई. चव घेऊन बघा." मधलं बाईंचं थांबणं, त्यांच्या बांगड्यांचा आवाज, काहीच नाही.

आता खट्ट झालं की मुकुंदराव मला थांबवतात. बाई थांबल्या असत्या तेवढा वेळ गप्प बसतात. मग पुन्हा बटण दाबतात.

माझा पट्टा ढिला झाला आहे. बाईंचा आवाज जड येऊ लागला आहे, आणि नवा पट्टा हुबळीतही मिळत नाही. मित्रांनो, कुणाला प्रश्न विचारलात तर उत्तराची घाई करू नका. आणि घरच्या माणसाचा आवाज टिपून ठेवाल, तेव्हा ते माणूस गप्प असतानाही यंत्र चालू राहू द्या.