आकडा गेला!

आमच्या शाळेच्या पटांगणावर एवढी गर्दी मी स्नेहसंमेलनालाही पाहिली नव्हती. भाताची झोडणी उरकलेली, हाताला काम थोडं आणि चमत्कार फुकट. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं पायी आली होती. भोरहून जीपगाड्या भरून आल्या होत्या. एसटीतून उतरलेल्या बायका तर डबे बांधूनच आल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी भला मोठा फलक होता: 'वैद्यसम्राट गोरख महाराज. मधुमेह मुळासकट! सुई नाही, गोळी नाही, साइड इफेक्ट नाही!' एका कडेला बायका आल्यागेल्याला गुळाचा चहा वाटत होत्या. मधुमेहाच्या शिबिरात गुळाचा चहा, हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

मी याच शाळेत विज्ञान शिकवतो. रविवार असून मी आलो, कारण पटांगण शाळेचं होतं आणि परवानगी मात्र सरपंचांनी परस्पर दिली होती. आमचे सरपंच साहेबराव माणूस वाईट नाहीत. पण मांडव दिसला की त्यांना नारळ फोडल्यावाचून राहवत नाही.

"इंग्रजी औषद म्हंजी काय, माऊली?" गोरख महाराज माईकवरून गरजत होते. अंगात भगवा सदरा, गळ्यात माळा आणि मनगटावर चकचकीत डिजिटल घड्याळ. "इंग्रजी औषद फांदी छाटतं, मूळ तसंच ठिवतं. का? तर तुमी जल्मभर गोळ्या घ्याव्या म्हनून! आन आपला आयुर्वेद? मूळच उपटतो! पाच हजार वर्सं झाली. तवा कुठं व्हतं हे सुईवालं?"

टाळ्या पडल्या. पाच हजार वर्षांपूर्वी माणसं किती वर्षं जगायची, हे कुणी विचारलं नाही.

मग मुख्य खेळ सुरू झाला. पटांगणाच्या कोपऱ्यात उंबर आहे आणि त्याच्या बुंध्याशी मुंग्यांचं मोठं वारूळ आहे. तिथं फळी टाकून महाराजांनी दोन वाट्या ठेवल्या. डावीकडच्या वाटीत आज नव्यानं आलेल्या एका रोग्याची लघवी. उजवीकडच्या वाटीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चूर्णानं बऱ्या झालेल्या पोरीची. उजव्या वाटीभोवती त्यांनी मंत्र पुटपुटत खडूनं पांढरं वर्तुळ काढलं. त्याचं नाव धन्वंतरी-मंडल.

"जितं साखर, तितं मुंगी! मुंगी लबाड बोलत न्हाई!" महाराज म्हणाले. "मुंगीला ना डिग्री, ना कमिशन!"

थोड्याच वेळात डावी वाटी मुंग्यांनी काळी झाली. उजव्या वाटीकडे एकही मुंगी फिरकली नाही. बायकांनी हात जोडले, एका आजोबांना तर रडू फुटलं. "हीच ती पोर!" असं म्हणत महाराजांनी मंचाकडे बोट दाखवलं.

मंचावर आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती ती प्रेरणा. माझ्या नववीच्या वर्गातली, दोन वर्षं इन्सुलिन घेणारी. या पोरीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई हा तिचा नुसता उपचार नव्हे, तिला ती भाकरीइतकीच लागते. गेला आठवडाभर ती शाळेत आली नव्हती. मी धावत वर चढलो. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, ती धाप लागल्यासारखा खोल श्वास घेत होती आणि त्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

"मंगलताई, हिची सुई चालू आहे ना?"

"न्हाई सर," तिची आई मंगल शांतपणे म्हणाली. "पथ्य हाय. वांगं न्हाई, आंबट न्हाई, शिळं न्हाई, आन सुई न्हाई."

मी थक्क झालो. महाराज मूर्ख नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे एखादा माणूस औषध विसरेल, पण वैद्यानं सांगितलेलं पथ्य मोडणार नाही. शिवाय गुण आला नाही, तर वैद्य सुटतो आणि रोगी अडकतो: 'पथ्य पाळलं नसंल.' त्या लुच्च्यानं सुई नेमकी वांग्याच्या शेजारी नेऊन बसवली होती.

"अहो, हिला उलट्या होताहेत का?"

"व्हय, रातच्यापास्नं. म्हाराज म्हनले, वमन हाय. इख भाईर पडतंय."

मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सारिकांना फोन लावला. "मी निघालेच. तिला सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा, आणि कुणाला काही पाजू देऊ नका," त्या म्हणाल्या. मी प्रेरणाला उचलायला वाकलो, तर चौघांनी मला धरलं.

"आता हलवली तर पोर दगावंल!" महाराज ओरडले. "औषद ऐन रंगात आलंय! मास्तर, तुमाला पाप लागंल!"

"सर, कशाला वंगाळपणा घेता?" साहेबरावांनी माझा हात दाबला. "शंभर मान्सं खोटी, आन तुमी येकले खरे?"

वाद घालायला वेळ नव्हता. माईकवर भाषण ठोकून ही गर्दी वळली नसती. मी मंचावरून उतरलो, चहाच्या पातेल्याजवळचा गुळाचा एक मोठा खडा उचलला आणि सरळ उंबराकडे गेलो. उजव्या वाटीतलं सगळं ओतून दिलं आणि त्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये गूळ ठेवला.

"बघा रे सगळ्यांनी," मी म्हणालो. "लघवी गेली. आता गूळ आहे. शुद्ध, देशी, काकवीच्या वासाचा."

मुंग्या आल्या. वर्तुळापाशी थबकल्या. दोनचार रेघेवर चढल्या, तिथंच गरगर फिरल्या आणि पाय झाडत उलट्या झाल्या. गुळापर्यंत एकही पोचली नाही.

"काय हो महाराज," मी विचारलं, "गुळाचाही मधुमेह बरा झाला वाटतं!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज म्हणाले, "मंडलाची शक्ती हाय ती!"

"शक्ती बाजारात मिळते. कंगवे आणि रिळं विकणाऱ्याकडं. मुंग्यांचा खडू म्हणतात तिला. शाळेच्या खिचडीच्या तांदळाभोवती मी स्वतः तो फिरवतो. विषारी असतो, म्हणून काढल्यावर हात धुतो. तुम्ही धुतलेत का?"

महाराजांनी नकळत बोटं सदऱ्याला पुसली. ते शंभर जणांनी पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून धोंडाबाई म्हणाल्या, "आगं बया, आमच्या साखरंच्या डब्याखाली बी ह्योच खडू हाय की!"

गर्दी कुजबुजायला लागली, पण मंगल हलली नाही. आई होती ती. लेक बरी झाली यावरचा तिचा विश्वास एका गुळाच्या खड्यानं कसा जाईल?

"मुंग्यांचं र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "घरचं साखर मोजायचं घरचं साखर मोजायचं मशीनपण तेच म्हनलं की. सुई बंद केल्यावर आकडा चडत गेला. म्हाराज म्हनले, उतू जायच्या आदी दूद वर येतं, रोग बी तसाच वर येतो. आन काल आकडाच गेला. आज सकाळी बी न्हाई. साखरच न्हाई तर आकडा कुठनं यील?"

एवढ्यात डॉक्टर सारिका स्कूटरवरून पोचल्या. कुणाशी न बोलता त्या मंचावर चढल्या. नाडी पाहिली, श्वास हुंगला आणि पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढून प्रेरणाच्या बोटाला टोचलं. यंत्र टुण्णकन वाजलं.

"ह्ये बघा," मंगल उजळून म्हणाली. "आकडा न्हाई!"

"मंगलताई, काय आलंय ते वाचा."

"इंग्रजी हाय. दोन अक्षरं. पोरगी म्हनली, एच आन आय. 'हाय' म्हंजी मोबाईलवर नमस्कार करत्यात तसं. म्हाराज म्हनले, मशीननं हात जोडले."

सारिकाबाईंनी यंत्र तिच्यासमोर धरलं. "हे नमस्काराचं हाय नव्हे. हा अर्धाच लिहिलेला इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ उंच, म्हणजे साखर फार वर. सहाशेच्या वर साखर गेली की या यंत्राला मोजता येत नाही. मग ते आकडा सोडून देतं आणि नुसतं एवढंच सांगतं. मंगलताई, घरी डबा वाजवून तुम्ही विचारता ना, साखर हाय का?"

"व्हय..."

"हे त्याचंच उत्तर आहे. साखर हाय. न्हाई म्हणत न्हाई ते."

मंगलनं यंत्राकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे. "हाय?" ती इतक्या हळू म्हणाली, की मला ते ओठांवरून कळलं. पुढच्या क्षणी तिनं चौदा वर्षांची पोर एकटीनं छातीशी उचलली आणि ती मंचावरून उतरली.

"पथ्य मोडलंस तर माजी जबाबदारी न्हाई!" महाराज मागून ओरडले.

ती वळली. "तुमची जबाबदारी व्हती तरी कदी?"

साहेबरावांनी त्यानंतर एक काम नेक केलं. नारळ बाजूला ठेवून त्यांनी स्वतःची जीप काढली. आरोग्य केंद्रात सलाईन लावून सारिकाबाई प्रेरणाबरोबर रुग्णवाहिकेतून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर पोर हाती लागली नसती. कित्येक दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली.

महाराजांना पोलिसांनी नेलं. त्यांचं चूर्ण तपासायला गेलं, तेव्हा आणखी एक गंमत कळली, तिला गंमत म्हणवत असेल तर. पाल्याच्या भुकटीत चक्क मधुमेहाच्या इंग्रजी गोळ्या कुटून घातल्या होत्या. म्हणूनच काही म्हाताऱ्यांची साखर खरोखर उतरत होती आणि ते गावोगाव साक्ष देत होते. दिवसा ज्या औषधाला शिव्या, रात्री तेच खलबत्त्यात! ज्या पोरीच्या अंगात इन्सुलिनच नाही, तिला त्या गोळ्या काय करणार?

ग्रामसभेत विषय निघाला. साहेबराव जरा घुश्शातच होते. "म्हंजी बाई, आपला आयुर्वेद खोटा म्हना की!"

"मी आयुर्वेदाचीच पदवी घेतलीय, साहेबराव," सारिकाबाई म्हणाल्या. "माझ्या ग्रंथांत लिहिलंय, मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात. खरं आहे ते, आणि त्या काळी तसं बारकाईनं पाहणं मोठी गोष्ट होती. पण पाहणाऱ्यांकडे इन्सुलिन नव्हतं. असतं, तर त्यांनीच ते आधी वापरलं असतं. जुनं म्हणून काही खरं ठरत नाही, तसंच आपलं म्हणूनही नाही. तपासून टिकेल ते औषध. टिकलं नाही, तर कुणाच्याही बापानं सांगितलेलं असू दे, टाकून द्यायचं."

 पाठीमागून मंगल उठली. सभेत बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"म्या शाळा शिकलेली न्हाई," ती म्हणाली. "पर मडकं घिताना म्या टिचकी मारून बगते. कोंबडी घिताना पंख उचलून बगते. आन लेकीचं औषद घिताना म्या नुसतं हात जोडले."

यावर मी विज्ञानाचा मास्तर आणखी काय सांगणार? टिचकी मारून बघणं, यालाच विज्ञान म्हणतात. औषध देशी की विलायती, हे नंतर ठरवा. आधी विचारा: यात काय आहे? कुणी, कुणावर तपासलं? गुण आला नाही तर तुम्ही कुठं सापडाल? समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि कुणीही, कितीही माळा घालून सांगितलं, तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका. प्रेरणा परवा वर्गात परत आली. सगळ्याच घरची पोरं अशी परत येत नाहीत.