कोच व्हर्नाचा नकार

मार्सी पडली तेव्हा तिच्या आसपास कुणीच नव्हतं. धक्का लागला नाही, पाय घसरला नाही. पळता पळता ती एकदम गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली. मग जरा वेळानं उठून बसली आणि "सकाळपासून काही खाल्लंच नाही," असं म्हणत हसायला लागली. बाकीच्या मुलीही हसल्या. व्हर्नानं मात्र सराव तिथेच थांबवला.

व्हर्ना स्टकी आमच्या ब्रॅडी क्रीकच्या हायस्कुलात शिक्षिका आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच होती. मी गणित शिकवायचे आणि सामन्यांत तिच्या शेजारी मदतनीस म्हणून बसायचे. इंडियानातल्या आमच्यासारख्या गावाला हिवाळ्यात दुसरं काही नसतं. शुक्रवारी दगडखाणीतली माणसं, दुकानदार, पाद्री, सगळे जिममध्ये. व्हर्ना तरुणपणी कॉलेजच्या संघातून खेळली होती, आणि चांगली खेळली होती. पण त्या काळी मुलींना कॉलेजनंतर खेळायला जागाच नव्हती. ती गावी परतली आणि दुसऱ्यांच्या पोरींना शिकवत राहिली. मार्सी प्रुइटसारखी पोर तिला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

त्या संध्याकाळी गाडी सुरू न करताच ती मला म्हणाली, की कॉलेजात तिच्याच खोलीत राहणारी, तिच्याच संघातली एक मुलगी अशी दोनदा पडली होती. तिसऱ्यांदा ती उठली नाही.

गावातल्या डॉक्टरांनी मार्सीला तपासलं. बहुधा काही नसेल, पण इंडियानापोलिसला नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या, असं ते म्हणाले. तिथली तारीख मिळाली ती मोसम संपल्यानंतरची. मधे सेक्शनल, म्हणजे राज्यस्पर्धेची पहिली फेरी होती आणि मार्सीचा खेळ बघायला शिष्यवृत्तीसाठी मुली निवडणारी कॉलेजांची माणसं येणार होती. व्हर्नानं सांगून टाकलं की तपासणी झाल्याशिवाय मार्सी खेळणार नाही.

मार्सीचा बाप रॉयस खाणीत क्रेन चालवायचा. तो आणि व्हर्ना एकाच वर्गात शिकलेले. दुसऱ्या दिवशी तो खाणीतले धुळीचे बूट तसेच घालून जिममध्ये आला.

"तुझं कॉलेज होऊन गेलं, व्हर्ना. माझ्या पोरीचं व्हायचंय."

"कॉलेज कुठं पळून जात नाही, रॉयस."

"ही माणसं पुढच्या वर्षी पुन्हा येतील? तू आणणारेस त्यांना?"

"नाही. ते माझ्या हातात नाही."

"माझी पोर मरेल, असं म्हणायचंय का तुला?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "मरू शकते. याहून सोपं करून मला सांगता येत नाही."

रॉयस निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की व्हर्नानं प्रुइटांच्या पोरीचं वाईट चिंतलं.

स्पर्धेत मार्सी साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसली. व्हर्नाकडे तिनं एकदाही बघितलं नाही. पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला. कुणी ओरडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. व्हर्ना दारापर्यंत जाईस्तोवर माणसं नुसती बाजूला होत गेली. त्यानंतर हॉटेलात ती बसली की शेजारचं टेबल रिकामं व्हायचं. पोरींच्या आया तिला टाळायला लागल्या. वसंतात शाळेच्या मंडळानं तिचं कोचपद काढून घेतलं. शिकवण्याची नोकरी तेवढी ठेवली.

मार्सीची तपासणी राहूनच गेली. चक्कर पुन्हा आली नव्हती आणि इंडियानापोलिसला जायचं म्हणजे रॉयसची रजा जायची. त्यानं तिला शेजारच्या काउंटीत मावशीकडे ठेवलं आणि तिथल्या शाळेत घातलं. हिवाळ्यात ती तिथून खेळू लागली. वर्तमानपत्रात तिचे फोटो यायला लागले आणि आमच्या गावातली माणसं ते व्हर्नाच्या देखत एकमेकांना दाखवायची.

व्हर्ना तिचे सामने बघायला जायची. मी सोबत असायचे. आम्ही अगदी वरच्या रांगेत बसायचो. मार्सीच्या हातून चेंडू गेला की व्हर्नाचा धरून ठेवलेला श्वास सुटलेला मला ऐकू यायचा.

जानेवारीतल्या एका सामन्यात मार्सी मैदानाच्या मधोमध चालता चालता थांबली. ती खाली कोसळण्याआधीच व्हर्ना उठली होती. लोकांचे खांदे धरत, पायऱ्या चुकत ती खाली पोहोचली. मैदानाच्या कडेला तिथल्या एका माणसानं हात आडवा धरला. तिला तिथं कोण ओळखणार? "तुम्ही कोण तिच्या?" त्यानं विचारलं. व्हर्ना त्याच्या आडव्या हाताशी तशीच उभी राहिली.

ॲम्ब्युलन्स आली, पण काही उपयोग झाला नाही.

व्हर्ना शनिवारी चर्चच्या तळघरात लहान मुलांना खेळ शिकवायला लागली होती. बर्फ वितळायला लागलं तेव्हा रॉयस तिथं आला. तो इतका वाळला होता की मी आधी ओळखलंच नाही. मुलं पाणी प्यायला गेली होती. तो व्हर्नासमोर उभा राहिला.

"तू मला नीट सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. "नुसतं खेळवणार नाही म्हणालीस. मला धरून, हलवून सांगितलं का नाहीस?"

मी पुढं झाले. व्हर्नानं मला हातानं थांबवलं.

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "माझंच चुकलं, रॉयस."

त्यानं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. मग बाकावर बसून दोन्ही हातांत तोंड धरून रडला. व्हर्ना त्याच्या शेजारी बसली. मुलं परत आली तेव्हा तिनं त्यांना घरी पाठवून दिलं.

ते बोलणं तिथंच राहिलं असतं. पण माणूस कुठंतरी बोलतोच. रॉयस खाणीत बोलला असेल, बायकोशी बोलला असेल. आठवड्याभरात गावात नवी गोष्ट झाली, की कोचला सगळं ठाऊक होतं आणि ती धड बोलली नाही. तिनं स्वतः कबूल केलंय. त्या दिवशी जिममध्ये ती रॉयसला काय बोलली होती, ते मी दोघातिघांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. व्हर्नाच्या कानावर ते गेलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदाच चिडली.

"राहू दे माझ्यावर. त्याला सकाळी उठून कामावर जायचं असतं," एवढंच म्हणाली.

आया मुलांना चर्चमधल्या खेळाला पाठवेनाशा झाल्या. मोसमाच्या शेवटच्या शनिवारी पाचच मुलं आली. दोन बाजू करायला एक कमी पडत होतं. मी सुट्टी देऊन टाक म्हटलं. व्हर्नानं शिट्टी माझ्याकडे दिली, स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि जिकडे दोघंच होती त्या बाजूला जाऊन उभी राहिली.