कियावशचे तीस शब्द

अफसून इराणमधल्या करमान शहरातल्या बालवाड्यांतून मुलांचं बोलणं तपासायची. ओठ, जीभ, जबडा नीट वळतात की नाही, एवढंच बघायचं. फुंकर मार, जीभ वर ने, पा-ता-का पटापट म्हण, आणि मग तीस शब्द म्हणून दाखव. सोप्या ‘सीब’पासून, म्हणजे सफरचंदापासून, जीभ अडखळवणाऱ्या ‘लाकपोश्त’पर्यंतची, म्हणजे कासवापर्यंतची, ती यादी तिने स्वतः बनवली होती, आणि तिला त्याचा गर्व होता. गर्वात वावगं काही नाही हो. पण यादी बनवताना ती रोज कुणावर तरी करून बघावी लागते, आणि मूल तर घरात आयतंच होतं.

कियावश तेव्हा तीन वर्षांचा होता. नाश्त्याला रोटी-पनीर खाता खाता तो शब्द म्हणायचा. तिसावा झाला की आई ‘आफरीन’ म्हणून त्याचा गाल ओढायची. लोकांची मुलं पाहुण्यांपुढे कविता म्हणतात, हा यादी म्हणायचा. मावश्या हसून बेजार व्हायच्या आणि त्याच्या हातावर कोलंपे, खजूर भरलेलं बिस्कीट, ठेवायच्या. पाणी हवं असलं की मात्र पोरगा मुकाट्याने आईची बाही ओढायचा.

“अगं, तू शिकवलंस तेवढंच बोलतो हा,” सासू एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “माझ्याशी अजून एक वाक्य धड बोललेला नाही.”

“त्याचा बाप तरी कुठे बोलतो, खानमजान? तुमचंच वळण.” अफसून हसली. “माझ्या तपासणीत त्याला तीसपैकी तीस आहेत.”

सासू पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली. शिकलेल्या सुनेपुढे बिचारी काय बोलणार?

अशी दोन वर्षं गेली. मग अफसूनच्या वरिष्ठ महलगाखानमनी यादीत खोट काढली. एका बालवाडीत मुलांनी एकमेकांकडून सगळे शब्द पाठ करून ठेवले होते. “पाठ झालेला शब्द जीभ आपोआप म्हणते गं,” त्या म्हणाल्या. “काही अर्थ नसलेले दहा नवे शब्द घाल, मग खरं काय ते कळेल.”

अफसूनने दहा शब्द घडवले. या खेपेला घरी करून बघायला वेळ मिळाला नाही, आणि पहिली बालवाडी निघाली ती कियावशचीच. स्वतःचं मूल स्वतः तपासायचं नाही, म्हणून महलगाखानम त्याच्यासमोर बसल्या आणि अफसून गुणांचा कागद घेऊन कोपऱ्यात.

तीस शब्द त्याने घडाघडा म्हटले.

“शाब्बास. आता म्हण, बा-दू-की.”

कियावशने तोंड उघडलं. ओठ मिटले, पुन्हा उघडले. अंधारात हाताने खुंटी चाचपावी तशी जीभ जागा शोधत होती. ‘दा’ आलं, नंतर नुसता श्वास. दुसरा शब्द, तिसरा, चौथा, सगळ्यांना तेच. असं तोंड अफसूनने परक्यांच्या मुलांत कितीदा पाहिलं होतं. ‘इतके दिवस काय करत होतात?’ असं त्या आयांना तिने तोंडावर विचारलं होतं.

“अफसून,” महलगाखानम हळूच म्हणाल्या, “घरी बोलतो ना गं हा?”

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. त्याचं एखादं वाक्य आठवून बघितलं, पाण्याचं, भुकेचं, रुसण्याचं, कुठलंही. एकही आठवेना. आठवली ती फक्त बाही.

दहाही शब्द संपले. कियावशने आईकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं असावं. कुणी न सांगताच त्याने पुन्हा ‘सीब’पासून सुरुवात केली आणि तीसच्या तीस शब्द न चुकता म्हणून टाकले. मग खुर्चीवरून उतरून तो तिच्याजवळ आला आणि गाल पुढे करून उभा राहिला.

अफसूनने कागदावर दहा शून्यं लिहिली. तोवर तो तसाच उभा होता.