एका घोटाचं यंत्र

डायलिसिसच्या खुर्चीत एक हात नळ्यांना अडकलेला, तरी ह्यांनी दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्यापुढे धरला. "चंद्रा, हे बघ गो. काय काम केलंय!"

पडद्यावर कॉफीचं यंत्र होतं. वीज नाही, बटण नाही. चकचकीत स्टीलचा एक खांब आणि त्याला लांब दांडा. वरून उकळतं पाणी ओतायचं आणि दांडा दोन्ही हातांनी खाली दाबायचा. पेल्यात दाट काळी कॉफी उतरत होती, जेमतेम घोटभर.

ह्यांनी डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे फिटरकीत उमर काढली. त्यामुळे दुसरा कोणी कॉफी बघेल तिथे हे दांड्याचा सांधा बघत होते. "पिन बघ किती जाड घातलेय. वायसरपण साधा नाय. जन्मभर हलणार नाय हे."

कॉफीचा नादही तिथलाच. कुंभकोणमचे एक शिफ्ट इनचार्ज होते, ते आपल्या थर्मासमधली फिल्टर कॉफी ह्यांना द्यायचे. आमच्या रोह्याच्या आळीत चहाशिवाय कोणी काही पीत नाही, पण हे एक दिवस पितळी फिल्टर घेऊन आले. आता मूत्रपिंडं गेल्यापासून दिवसाचं सगळं पाणी एका बाटलीत मावायला लागतं. आमटीतलं पाणीसुद्धा त्यातच धरायचं. कॉफीसाठी उरतो तो एक घोट.

तस्नीम सिस्टर नळी नीट करता करता वाकून बघत होती. "काका, एका घोटाला एवढं मोठं यंत्र? माशी बसवायला घोडा घेताय काय?"

"तस्नीम, दोन कप मिळाले असते तर कसलीपण प्यायलो असतो. एकच घोट हाय, म्हणून तो बरा पायजे."

"मग मागवा की."

"अजून बनलंच नाय. लोकांनी आधी पैसे भरायचे. पुरेसे जमले की मग ते बनवणार. पुढच्या दिवाळीनंतर घरी येईल. आज रात्री भरणं बंद."

"म्हणजे भिशीच की हो!" तस्नीम हसली. हेही हसले. तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

डॉक्टर तरुण आहेत, अवघड बोलायचं असलं की खाली बघतात. सकाळी ह्यांच्या हृदयाची तपासणी झाली होती, त्याचा कागद त्यांच्या हातात होता. "काकू, हृदय फार थकलंय. आपण डायलिसिस चालू ठेवू. पण पुढच्या वर्षाचं काही ठरवू नका."

"ह्यांना सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा."

इथे माझ्या नेमाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे पहिल्यांदा आयसीयूत होते तेव्हा मी देवीपुढे बोलले होते, की सकाळी दिवा लावल्यापासून संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत माझ्या तोंडून खोटं निघणार नाही, त्याच्या बदल्यात ह्यांना ठेव. हे घरी आले. तेव्हापासून नेम चुकलेला नाही. रात्रीचं मी बोलले नव्हते, कारण माणसांत राहायचं तर थोडं खोटं लागतं, एवढं मलाही कळत होतं. शेजारच्या हौसावहिनी दुपारी लोणचं घेऊन आल्या की मी म्हणते, "संध्याकाळी चाखून सांगते." आणि दिवे लागले की कुंपणावरून म्हणते, "छान झालंय हो." हे आतून ऐकून हसतात. आमच्या लेकीच्या, ऋतुजाच्या, लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या तेव्हा तर तिने दुकानातच सगळ्यांना बजावलं होतं, "आईला काय विचारायचं ते उजेडी विचारा. दिवा लागला की तिला सगळंच आवडतं."

पेणहून परतीची मेमू दुपारी रिकामीच असते. हे खिडकीशी बसले. कासू स्टेशन मागे पडलं तसा त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, अर्धा बघून बंद केला.

"सांग मग. भरू काय पैसे?"

"असंच एखादं तयार मिळत असेल ना? ते घेऊ. ह्याच आठवड्यात येईल."

हे खरं होतं. मला मनापासून तेच वाटत होतं, ह्या आठवड्यात यावं, उद्या यावं.

ह्यांनी मान वळवली. "ह्याच आठवड्यात कशाला? घाई काय हाय?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली सरळ करून ठेवली.

"पैशाचं मनात आणू नको. मला एवढंच सांग, घेण्यात अर्थ हाय काय? आमच्या गावच्या देवळात गुरव देवाला कळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी कळी पडली की होय. मला तिकडं जायची गरज नाय. तू उजेडी बोललीस की तोच माझा कौल."

बोलले चेष्टेतच, पण डोळे चेष्टेत नव्हते.

होय म्हटलं असतं तर नेम मोडला असता, आणि माझ्या मनाने ह्यांचा श्वास त्याच नेमाला बांधलेला. नाही म्हटलं असतं तर डॉक्टरांचं वाक्य मीच त्यांच्या छातीत घातलं असतं. बाहेर कापणी झालेली शेतं मागे जात होती. बांधावर बगळे बसले होते. बघता बघता मला वाटलं, वाट सापडली.

"संध्याकाळी सांगते," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं मी काय केलं ते. लोणच्याचं उत्तर मी नवऱ्याला दिलं होतं.

ह्यांनी मोबाइल खिशात घातला, खिशाचं बटण लावलं. नागोठण्याला एक बाई काकड्यांची पाटी घेऊन चढली. तिच्याकडे बघत म्हणाले, "बरं. संध्याकाळी."

घरी आल्यावर हे आडवे झाले. ऋतुजाचा माणगावहून फोन आला. ह्यांनी तिलाही व्हिडिओ पाठवलेला.

"आई, बाबांना नादी लावू नकोस हं. असली यंत्रं कधी कधी येतच नाहीत. पैसे घेतात आणि वर्षानुवर्षं उद्या-परवा करतात."

"करू देत," मी म्हणाले.

"काय?"

"जितकं लांबेल तितकं लांबू दे. ऋतुजा, शनिवारी येऊन जा."

"का गं? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

ऊन अजून अंगणात होतं. "येऊन जा," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी दिवा मी जितका लांबवता आला तितका लांबवला. देव्हारा दोनदा पुसला. समई आधीच लख्ख होती, तरी घासली. शेवटी समोरचा डोंगर काळा झाला, आळीत दिवे लागले, तेव्हा वात पेटवली. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. मागायचं ते एकदाच मागून घेतलं होतं आणि तिने ते दिलंही होतं. पुन्हा मागायला माझ्याकडे सोडण्यासारखं काय उरलं होतं?

हे पडवीत खुर्चीवर बसले होते. "लागला दिवा?"

"लागला."

"मग सांग."

"घ्या," मी म्हणाले. "पुढच्या दिवाळीनंतर तर येतंय. दिवस काय, बघता बघता जातात." आवाज चांगला लागला होता. अगदी लोणच्याला लागतो तसा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मुलाने शाळेतून पहिल्यांदा चोरून काही आणलं तर बाप बघेल, तसं.

"किती म्हणाला डॉक्टर?"

"आकडा नाही सांगितला."

"सांगण्यासारखा नसेल."

ह्यांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत पैसे भरायला लागले. मी त्यांचा हात धरला. "अहो, कशाला आता? मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"ठाऊक हाय. गाडीतच कळलं."

"मग?"

"मग काय? एवढा सुरेख सांधा कोणी केलाय, तो घरात नको यायला? मी नसलो म्हणून काय झालं?"

"मला काय करायचंय त्याचं? मी कॉफी घेत नाही."

"घेऊ नको. पण दांडा हलवत जा. स्टील गंजत नाय, सांधा मात्र पडून राहिला की धरतो. आठवड्यातून एकदा तरी गरम पाणी घालून दाबायचं. शिकून ठेव."

पैसे गेल्याचा आवाज मोबाइलने केला. मग त्यांनी व्हिडिओ लावून तो तांब्याला टेकवून ठेवला आणि मला टेबलापुढे उभं केलं. पडद्यावरचा माणूस हसत हसत दांडा दाबत होता. मी दोन्ही हात तसे धरले.

"खांद्याने नको. अंगाचा भार सोड. हळू. पयल्यांदा जरा दाबून थांबायचं, पावडर भिजू द्यायची. आता खाली."

माझ्या हातांखाली काही नव्हतं. ह्यांचा हात माझ्या मनगटावर होता. सुयांनी सुजलेला, गाठी आलेला हात, ज्याने मोठाले नट उघडले होते. त्याचा भारच लागत नव्हता. मी डोळे मिटून शोधला, तरी लागत नव्हता.

"घाई केलीस," ते म्हणाले. "परत कर."

मी हात पुन्हा वर घेतले.